चाचणी उड्डाणातलं चेस विमान: आखणीपासून डीब्रीफिंगपर्यंत

चाचणी उड्डाणाच्या आराखड्यात चेस विमानाची, म्हणजे चाचणी विमानासोबत उडून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या विमानाची, ओळ बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ‘चेस: एक विमान, सोबत राहील.’ एवढंच. मग उड्डाणाच्या दिवशी हे सोबतचं विमान नको तिथे घुटमळत असतं, नाहीतर हवं तेव्हा इंधन संपलं म्हणून परत फिरलेलं असतं. चाचणी वैमानिक विचारतो, ‘माझं डावं चाक खाली दिसतंय का?’ आणि रेडिओवर शांतता.

चेसच्या आखणीचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे: चाचणी अभियंते, नव्या छोट्या विमानाचं किंवा ड्रोनचं पहिलं उड्डाण करणारे गट, मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन बसणारे. फॉर्मेशन (दुसऱ्या विमानाच्या जवळ, ठरलेल्या जागेवर राहून उडणं) उडवायचं कसं, हे यात नाही. ते प्रशिक्षण नसलेल्या वैमानिकाला चेसवर पाठवायचंच नाही, हे धरून चाललो आहे.

टप्पा १: चेसला नेमकं काय पाहायचंय ते लिहा

चेसची कामं ढोबळमानाने पाच. चाचणी विमानाच्या बाहेरच्या अंगावर नजर ठेवणं. आजूबाजूच्या आकाशात दुसरं कुणी येतंय का ते पाहणं. फोटो आणि व्हिडिओ. वेग-उंचीच्या काट्यांची तुलना, म्हणजे पेसरचं काम. आणि काही बिघडलंच तर जवळ जाऊन तपासणी. प्रत्येक कामाला चेसची जागा वेगळी लागते. फोटोला चांगली असलेली जागा सुरक्षेच्या दृष्टीने अनेकदा वाईट असते, आणि पेसरचं काम करणारा वैमानिक मान वर करून आकाश न्याहाळू शकत नाही.

म्हणून टेस्ट कार्डावरच्या (उड्डाणातल्या कामांची क्रमवार यादी) प्रत्येक चाचणी बिंदूसमोर, म्हणजे एकेका चाचणीसमोर, चेससाठी एक प्रश्न लिहा. ‘फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली येणारी पट्टी) पूर्ण खाली जाताना दोन्ही बाजू सारख्या जातात का?’ ‘इंजिन पुन्हा सुरू होताना धूर किंवा ज्वाला दिसते का?’ प्रश्न सुचत नसेल तर त्या बिंदूला चेसने लांब राहावं. दोन प्रश्न एकमेकांशी भांडत असतील तर दोन चेस लागतील: एक सुरक्षेचं, एक कॅमेऱ्याचं.

इशारा: आयत्या वेळी आलेली फोटोची मागणी कार्डात घुसवू नका. ८ जून १९६६ रोजी एक्सबी-७० या प्रचंड प्रायोगिक विमानाची चाचणी संपल्यावर, इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या प्रसिद्धीसाठी पाच विमानांचं फॉर्मेशन उडवलं गेलं. त्यातलं एफ-१०४ हे लढाऊ विमान एक्सबी-७०च्या पंखाला लागलं, उलटून त्याच्या पाठीवरून गेलं आणि शेपटीचे उभे पंख तोडून गेलं. एफ-१०४चा वैमानिक जो वॉकर आणि एक्सबी-७०चा सहवैमानिक कार्ल क्रॉस दोघे गेले. एक्सबी-७०चा वैमानिक अल व्हाइट जखमी अवस्थेत बाहेर पडू शकला. वॉकर हा त्या काळातल्या सर्वांत अनुभवी चाचणी वैमानिकांपैकी एक होता. त्या फॉर्मेशनमधून चाचणीच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळणार नव्हतं.

टप्पा २: विमान निवडताना आधी कमी वेग बघा

सगळे कमाल वेग जुळवतात आणि फसतात ते उतरताना. चाचणी विमान ७० नॉटवर उतरणार असेल आणि चेस १२० नॉटच्या खाली उडूच शकत नसेल, तर शेवटच्या, सगळ्यात नाजूक मिनिटांत चेस पुढे निघून जातं. मग चेस नागमोडी वळणं घेत मागे राहायचा प्रयत्न करतं आणि वैमानिकाचं निम्मं लक्ष स्वतःचं विमान सांभाळण्यात जातं. दोन्ही विमानांची वेगमर्यादा एका कागदावर शेजारी शेजारी काढा: टेकऑफ, चाचणीचा वेग, स्टॉल (वेग फार कमी झाल्याने पंखांचा उठाव सुटणं), उतरणं. जिथे रेघा एकमेकींवर येत नाहीत तिथे चेस काय करणार, ते आत्ताच ठरवा.

वेगच जुळत नसेल तर पाठलागाचा नाद सोडून ठाणी नेमायची. एक्स-१५ या रॉकेट विमानाच्या उड्डाणांत हेच केलं जायचं. बी-५२ या मोठ्या बॉम्बरच्या पंखाखालून साधारण ४५,००० फुटांवर सुटल्यावर एक्स-१५ला गाठणारं चेस विमान जगात नव्हतं. म्हणून एक चेस सुटण्याच्या वेळी सोबत असायचं, काही वाटेतल्या आणीबाणीच्या कोरड्या तळ्यांजवळ घिरट्या घालायची आणि एक उतरण्याच्या जागी वाट पाहायचं.

उलट, प्रवासी विमानाच्या चेसला लढाऊ विमान लागतंच असं नाही. १५ डिसेंबर २००९ला बोइंग ७८७च्या पहिल्या उड्डाणात सोबतीला जुनी टी-३३ जेट होती, आणि २७ एप्रिल २००५ला एअरबस ए३८०च्या वेळी कॉर्वेट हे छोटं बिझनेस जेट. हव्या त्या वेगात टिकणं, बाहेरचं नीट दिसणं आणि पुरेसा वेळ हवेत राहणं, एवढं जमलं की झालं.

पडताळणी: चेसचं इंधन, जोडी जमवण्यात जाणारा वेळ धरून, चाचणीच्या एकूण वेळेला पुरतं का? पुरत नसेल तर दुसरं चेस नेमक्या कोणत्या बिंदूनंतर जागा घेणार, ते कार्डावर हवं.

टप्पा ३: मागची सीट भरा, आणि त्या माणसाला आधी जमिनीवर फिरवा

चेस शक्यतो दोन सीटचं असावं. पुढच्याने उडवायचं, मागच्याने पाहायचं. एका सीटच्या चेसमध्ये वैमानिकाच्या हातात कॅमेरा देणं हा सरळ सरळ गुन्हा समजा.

मागच्या सीटवरच्या निरीक्षकाने आदल्या दिवशी चाचणी विमानाभोवती तासभर फिरायला हवं. हा तास बहुतेक जण वाचवायला बघतात, आणि माझ्या मते संपूर्ण तयारीतला सगळ्यात मोलाचा तास तोच. निरोगी विमान कसं दिसतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आजारी विमान ओळखता येणार नाही. पोटाखालच्या कोणत्या नळीतून पाणी ठिबकणं नेहमीचं? इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किती वाफ येते? कोणत्या पॅनलची कड मुळातच किंचित वर आहे? एलेरॉन (विमान कलवणारी, पंखावरची हलती पट्टी) मध्यावर असताना पंखाच्या कडेशी किती रेषेत असतो? हे सगळं पाहून, दोन्ही बाजूंचे आणि पोटाखालचे फोटो काढून, त्यांची एक पानाची चिठ्ठी गुडघ्यावरच्या पॅडला लावावी. नाहीतर हवेत ‘काहीतरी गळतंय!’ अशी हाक येते, चाचणी थांबते आणि खाली आल्यावर कळतं की ते वातानुकूलनाचं पाणी होतं. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी खरी गळतीही कुणी गंभीरपणे घेत नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तीन गोष्टी. कॅमेरा आणि सुट्या वस्तू दोरीने बांधलेल्या असाव्यात. कॉकपिटमध्ये निसटलेली लेन्सची टोपी विमान चालवायच्या दांड्यामध्ये अडकू शकते. कपडे आणि हातमोजे गडद रंगाचे असावेत, नाहीतर प्रत्येक फोटोत काचेवर आपलंच प्रतिबिंब दिसतं. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ टेलिमेट्रीच्या (विमानातून रेडिओने जमिनीवर येणाऱ्या नोंदींच्या) वेळेशी सेकंदापर्यंत जुळवलेलं असावं. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. फ्लॅप थरथरताना सुंदर दिसतोय, पण तो कोणत्या क्षणी थरथरला तेच माहीत नसेल, तर तो व्हिडिओ कपाटात जातो.

टप्पा ४: कोण कुणाला ऐकतंय, त्याचं चित्र काढा

कागदावर चार चौकोन काढा: चाचणी विमान, चेस, कंट्रोल रूम, हवाई वाहतूक नियंत्रण. कोणता आवाज कुणापर्यंत पोहोचतो ते बाणांनी दाखवा. एखादा बाण एकाच दिशेचा निघाला, तर तिथे धोका आहे.

१९ जानेवारी १९९५ला एक्स-३१ हे संशोधन विमान शेवटचा बिंदू उडून परत येत होतं. वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ साचत होता. त्या नव्या नळीला गरम ठेवणारी जोडणीच केलेली नव्हती. नळी तापवण्यावरून वैमानिक आणि कंट्रोल रूममध्ये बोलणं झालं, पण ते बोलणं चेसच्या रेडिओवर जात नव्हतं. वेगाचा चुकीचा आकडा उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकाला मिळत राहिला, विमान ताब्याबाहेर गेलं आणि वैमानिक कार्ल लांगला इजेक्ट करावं लागलं. शेजारी एक विमान होतं. त्याच्या काट्यावर वेग दिसत होता. फक्त तो आकडा सांगायची वेळ आली आहे, हे त्यातल्या वैमानिकाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून दोन नियम. चाचणी वैमानिकाचं कंट्रोल रूमशी होणारं सगळं बोलणं चेसला ऐकू गेलंच पाहिजे. आणि जोडी जमल्या जमल्या दोघांनी वेग आणि उंचीचे आकडे एकमेकांना वाचून दाखवायचे, परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा.

आता शब्द. डावं-उजवं नेहमी चाचणी वैमानिकाच्या बाजूने. चेस समोरून पाहत असलं तरीही. वाक्याचा क्रम ठरलेला: कुणाला, कुठे, काय. ‘टेस्ट, उजवा पंख, आतल्या फ्लॅपच्या मागच्या कडेतून धूसर द्रव, सतत.’ अंदाज नंतर, विचारला तर.

इशारा: चेसने ‘चाकं लॉक आहेत’ असं कधीही म्हणू नये. बाहेरून चाकं खाली आलेली दिसतात, दारं उघडी-बंद दिसतात. आतली खीळ बसली की नाही ते बहुतेक विमानांत दिसत नाही. ‘तिन्ही चाकं खाली आलेली दिसतात’ एवढंच म्हणायचं.

‘नॉक इट ऑफ’ म्हणजे सगळ्यांनी सगळं थांबवायचं. ही हाक कुणीही देऊ शकतो आणि तिच्यावर हवेत वाद घालायचा नाही.

टप्पा ५: प्रत्येक बिंदूसाठी चेसची जागा ठरवा

साधारण जागा म्हणजे चाचणी विमानाच्या बाजूला, किंचित मागे, चाचणी वैमानिकाला मान न वळवता कळेल की चेस कुठे आहे. अंतर राखायची जबाबदारी कायम चेसची. चाचणी वैमानिकाने चेसचा विचारही करायला लागू नये. किमान अंतर मीटरपेक्षा मोठ्या विमानाच्या पंखविस्ताराच्या पटीत लिहा, हवेत ते डोळ्यांनी मोजता येतं. झूम लेन्समधून मात्र अंतराचा अंदाज घ्यायचा नाही.

पंखांच्या टोकांपासून निघणारे हवेचे भोवरे मागे जातात आणि हळूहळू खाली बसतात. त्यामुळे थेट मागे आणि किंचित खाली, ही दिसायला सोयीची जागा खरं तर सगळ्यात वाईट. विमान जितकं जड आणि हळू, तितका भोवरा जोरकस.

फ्लटरच्या (जास्त वेगात पंख-शेपूट आपोआप, वाढत्या जोराने थरथरण्याच्या) चाचणीत चेसने बरोबरीने, पण दूर राहायचं. काही तुटलंच तर तुकडे मागे जातात.

स्टॉल आणि स्पिनमध्ये पंख अचानक पडतो आणि विमान कुठल्याही बाजूला झेप घेऊ शकतं. चेसने बाजूला, त्याच उंचीवर किंवा वर राहून, विमान ज्या खांबासारख्या जागेतून गिरक्या घेत खाली येणार आहे त्याच्या बाहेरून फिरायचं. फेरे मोजायचे, ठरलेल्या उंच्या मोठ्याने सांगायच्या. स्पिनविरोधी पॅराशूट असेल तर ‘पॅराशूट उघडलं’ आणि ‘पॅराशूट सुटलं’ या दोन हाका चेसच्याच. ज्या उंचीला विमान सोडून द्यायचं ठरलंय, ती उंची चेसच्या पॅडवर लाल शाईने लिहिलेली असावी. गिरक्या खाणाऱ्या माणसाला आपले आकडे वाचता येतीलच असं नाही.

पेसरच्या कामात उलटी चूक होते: वैमानिक कौशल्य दाखवायला फार जवळ जातात. प्रत्येक विमानाभोवती हवेचा दाब बदललेला असतो. त्या क्षेत्रात शिरलात तर दोघांचेही आकडे बिघडतात. एकाच उंचीवर, बरोबरीने, मोकळं अंतर ठेवून, दोन्ही काटे स्थिर होईपर्यंत थांबायचं.

पंखाखालून काही टाकायची चाचणी असेल, तर कोणतंही चेस खाली किंवा मागे नको. टाकलेली वस्तू सरळ खालीच जाईल, हे धरून चालू नका. तेच तर तपासायचंय.

ड्रोनसोबतच्या चेसमध्ये चेसचा वैमानिक ड्रोनही चालवतोय, अशी ‘बचत’ कधीही करू नका.

टप्पा ६: बाकीची मदतनीस विमानं

चेसच्या आधी बहुधा एक विमान हवामान पाहून येतं. त्याच्याकडून ‘हवा ठीक आहे’ एवढं घेऊन भागत नाही. ढगांचा तळ, चाचणीच्या उंचीवरचं तापमान आणि ओलावा, सूर्याच्या दिशेने किती स्पष्ट दिसतं, हे आकड्यांत आणि शब्दांत लिहून घ्या. बर्फ साचण्याची शक्यता इथेच कळते.

बचावाचं हेलिकॉप्टर कुठे थांबणार, हे नकाशावर खूण करून ठरवा आणि चाचणी वैमानिकाला दाखवा. १० मे १९६७ला एम२-एफ२ हे बिनपंखी विमान उतरत असताना वैमानिक ब्रूस पीटरसनला समोरचं हेलिकॉप्टर आपल्या वाटेत आहे असं वाटलं. आधीच डोलणाऱ्या विमानात त्याचं लक्ष तिकडे गेलं. चाकं पूर्ण खाली येण्याआधीच विमान जमिनीला टेकलं आणि कोलांट्या खात गेलं. तो वाचला, पण गंभीर जखमी झाला. मदतीला ठेवलेलं हेलिकॉप्टर जितकं जवळ तितकं चांगलं, असं वाटतं. उतरण्याच्या रेषेच्या बाजूला, मागे आणि जमिनीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर जास्त उपयोगाचं.

टप्पा ७: ब्रीफिंग

सगळे वैमानिक, मागच्या सीटवरचे, हेलिकॉप्टरवाले आणि कंट्रोल रूममधला बोलणारा माणूस एकाच खोलीत हवेत. फोनवरून ‘तुला माहितीच आहे’ असं ब्रीफिंग चालणार नाही. कार्ड वाचून झाल्यावर या प्रश्नांची उत्तरं चेसच्या वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने द्यावीत:

चाचणी विमान नजरेआड झालं तर मी कोणत्या बाजूला आणि कोणत्या उंचीला जाणार?
माझा जोकर आणि बिंगो आकडा काय? (या उरलेल्या इंधनाच्या दोन मर्यादा: जोकरला कळवायचं, बिंगोला निघायचं.)
दोघेही ढगात शिरलो तर वेगळे कसे होणार?
माझाच रेडिओ गेला तर कोणता हातवारा, आणि चाचणी पुढे चालू राहणार की नाही?

शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर ब्रीफिंग संपलेलं नाही.

टप्पा ८: हवेत, क्रमाने

जोडी जमवणं. चेस आधीच हवेत असेल तर ते धावपट्टीला समांतर येऊन चाचणी विमान टेकऑफ घेताना त्याच्या बाजूला पोहोचतं. इथे वेळ चुकणं ठरलेलंच. चाचणी विमानाचे ब्रेक सुटायला दहा सेकंद उशीर होतो आणि चेस झपकन पुढे निघून जातं. मग एअरब्रेक, उलटं वळण, धावपळ. पुढे गेलात तर गेलात. मान्य करा, बाहेरच्या बाजूने मोठं वळण घ्या आणि पुन्हा जोडा. चाचणी वैमानिकाने चेससाठी आपला वेग बदलायचा नाही.

पहिली तपासणी. जोडी जमल्यावर चेसने एका बाजूने पाहायचं, मग परवानगी घेऊन खालून दुसऱ्या बाजूला जायचं. ‘खालून जातोय’ आणि ‘उजवीकडे आलो, मोकळा’ या दोन हाकांच्या मध्ये चाचणी वैमानिकाने सरळ, समतल उडायचं आणि कशालाही हात लावायचा नाही: ना फ्लॅप, ना चाकं, ना इंधन सोडणं.

चाचणी बिंदू. सुरू होण्याआधी चेसने ‘जागेवर’ म्हणावं. तोपर्यंत बिंदू सुरू नाही. बिंदू चालू असताना गप्प, ठरलेल्या हाका सोडून. चेसचा वैमानिक स्वतःच्या इंधनाकडे आणि उंचीकडे दर दोन बिंदूंच्या मध्ये नजर टाकतो. मागच्या सीटने त्याची आठवण करून द्यावी. समोरच्या विमानावर डोळे खिळले की जमीन विसरली जाते.

काही बिघडलं तर. चेसने आपण होऊन जवळ झेपावायचं नाही. आधी विचारा, ‘तपासायला जवळ येऊ?’ ताबा सुटलेल्या विमानाजवळ जाण्याइतकी धोक्याची जागा दुसरी नाही. वैमानिक बाहेर पडला, तर पॅराशूट मोजा, वेळ आणि जागा नोंदवा, वर चढून रेडिओवरून हेलिकॉप्टरला वाट दाखवा. पॅराशूटजवळून जाऊ नका. विमानामागची हवा ते मिटवू शकते. आणि बिंगोला निघायचंच. आपल्या जागी कोण येतंय ते विचारून निघा.

टप्पा ९: उतरताना

कॉकपिटमधून जमीन नीट दिसत नसलेल्या विमानाला शेवटच्या काही फुटांत चेसच्या आवाजाचा खरा आधार असतो. १४ एप्रिल १९८१ला कोलंबिया हे स्पेस शटल पहिल्यांदा अंतराळातून परतून एडवर्ड्स हवाई तळावर उतरलं, तेव्हाही बाजूला टी-३८ हे चेस जेट होतं. चेसने चाकं खाली आलेली पाहून सांगायची आणि मग उंची मोजत जायची: ‘पन्नास, चाळीस, तीस…’ या आकड्यांची लय आदल्या दिवशी सरावात पक्की झालेली हवी.

पडताळणी: चेस धावपट्टीच्या बाजूला आहे ना, वर नाही? चेसने गो-अराउंड (खाली न येता पुन्हा वर चढणं) घ्यायची उंची ठरलेली आहे ना? चाचणी विमान टेकलं की चेस सरळ पुढे जातं. कौतुकाने त्याच्यावरून वळण घ्यायचं नाही.

टप्पा १०: डीब्रीफिंग (उड्डाणानंतरची चर्चा)

चेसच्या लोकांनी टेलिमेट्रीचे आलेख पाहण्याआधी बोलावं. आलेख पडद्यावर आला की आठवण त्याच्याबरोबर वाकते. ‘हो, मलाही तेव्हाच काहीतरी हललेलं दिसलं होतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी पॅडवरचं टिपण मागतो.

व्हिडिओची मूळ प्रत त्याच दिवशी कुलपात. छाटलेली, सुंदर केलेली प्रत नंतर.

कार्डावरच्या प्रत्येक प्रश्नासमोर तीनपैकी एक उत्तर लिहा: दिसलं, दिसलं नाही, पाहता आलं नाही. शेवटच्या दोन्हींमध्ये गल्लत करणं ही या सगळ्या कामातली सगळ्यात चिवट चूक आहे. चेस सूर्याच्या तोंडावर होतं, वळण घेत होतं, इंधन मोजत होतं, अशी मिनिटं वेळेसकट वेगळी लिहून अहवालाला जोडा. फ्लॅपमध्ये काही दिसलं नाही असं म्हणताना, ते कुणी आणि कोणत्या मिनिटाला पाहिलं होतं, हे वाचणाऱ्याला त्याच पानावर मिळायला हवं.